घराच्या गॅरेजमध्ये चार इंजिनांची गाडी बनवली, ताशी ६५४ किलोमीटरने पळवली, तरी विक्रम काही नावावर लागला नाही

९ सप्टेंबर १९६०. अमेरिकेच्या युटा राज्यातलं बॉनव्हिल. नजर जाईल तिथवर पांढरंशुभ्र मीठ. झाड नाही, दगड नाही, सावलीचं तर नावच नको. या मिठावर एक लांबलचक, बुटकी, निळसर गाडी उभी होती. तिच्या पोटात एक नाही, दोन नाही, तब्बल चार व्ही-८ इंजिनं बसवली होती आणि सगळ्यात मागे, शेपटीपाशी, ३१ वर्षांचा एक गडी स्वतःला कोंबून बसला होता.

गाडी सुटली. मोजणीसाठी आखलेला एक मैल तिने नऊ सेकंदांच्या आत पार केला. वेग निघाला ताशी ४०६.६० मैल, म्हणजे ६५४ किलोमीटर. सेकंदाला १८१ मीटर. क्रिकेटचं मोठं मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत एका सेकंदात ओलांडून गाडी पुढे निघून गेली असती.

तोपर्यंत जमिनीवर चाकांच्या गाडीत बसून इतक्या वेगाने कुणीच गेलं नव्हतं. एकाही अमेरिकन माणसाने ४०० मैलांचा टप्पा ओलांडला नव्हता. आणि हे करणारा माणूस कुठल्या कार कंपनीचा इंजिनिअर नव्हता. पोटापाण्यासाठी त्याने वर्षानुवर्षं वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळी केली होती, आणि गाडी बनवली होती घराच्या गॅरेजमध्ये.

त्याचं नाव मिकी थॉम्पसन.

पण जागतिक विक्रमांची जुनी यादी काढून बघितली तर १९६० सालासमोर त्याचं नाव सापडत नाही. का, ते समजून घ्यायचं तर आधी थोडं मागे जावं लागेल.

मिकीचा जन्म ७ डिसेंबर १९२८ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्हाम्ब्रा गावचा. खरं नाव मॅरियन ली थॉम्पसन. हे गाव लॉस एंजेलिसला खेटून आहे, आणि गाड्यांचा नाद लागायला त्या काळात जगात याच्यापेक्षा चांगली जागा नव्हती.

त्याचं कारणही मजेशीर आहे. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-८ इंजिन द्यायला सुरुवात केली. आठ सिलिंडरचं इंजिन म्हणजे तोवर श्रीमंतांची मिजास. काही वर्षांत याच गाड्या जुन्या झाल्या आणि भंगारच्या भावात मिळायला लागल्या. पोरं त्या विकत घ्यायची. मडगार्ड काढ, बंपर काढ, टप कापून बुटका कर, जे जे जड असेल ते उतरव, इंजिन खोलून त्याची ताकद वाढव. अशा गाडीला नाव पडलं हॉट रॉड.

या गाड्या पळवायच्या कुठे? लॉस एंजेलिसपासून काही तासांवर मोहावेचं वाळवंट आहे. तिथे म्युरॉक आणि एल मिराजसारखी सुकलेली तळी आहेत. तळ टणक आणि सपाट. शनिवार-रविवार आला की पोरांच्या झुंडी तिकडे निघायच्या. १९३७ साली या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली, घड्याळं लावली, नियम केले. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या तरुणांमुळे हा नाद अजून वाढला. सैन्यात विमानं आणि रणगाडे दुरुस्त करून त्यांचा हात बसला होता. तळी कमी पडायला लागली तेव्हा १९४९ पासून हीच मंडळी बॉनव्हिलच्या मिठावर पोचली.

मिकी या वातावरणात वाढला. लॉस एंजेलिस टाइम्सच्या छापखान्यात तो नोकरीला लागला. रात्री छपाईची मशिनं आणि दिवसा गाड्या असा त्याचा दिनक्रम. झोप कधी घ्यायचा हा प्रश्नच आहे. इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. जे शिकला ते तोडून, जोडून आणि पुन्हा तोडून शिकला.

त्याच्या डोक्याची चाल कळावी म्हणून एक उदाहरण. ड्रॅग रेसमध्ये गाडी उभ्या जागेवरून सुटते आणि पाव मैल, म्हणजे साधारण ४०० मीटर, सरळ पळते. इथे नुसती इंजिनाची ताकद कामाची नसते. ती चाकातून जमिनीत उतरली पाहिजे. मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली की ताकद फुकट गेली. चाकं जमिनीला चिकटायची तर त्यांच्यावर वजन हवं. बाहेरून वजन लादलं तर गाडी जड होते.

मिकीने विचार केला, गाडीत एक वजन तर फुकटच बसलेलं असतं. ड्रायव्हर. १९५४ साली त्याने अशी गाडी बनवली ज्यात ड्रायव्हर मागच्या चाकांच्याही मागे बसायचा आणि इंजिन त्याच्या पुढ्यात. गलोलीत खडा ठेवावा तसा ड्रायव्हर मागे लटकलेला, म्हणून या गाड्यांना स्लिंगशॉट म्हणायला लागले. पुढची जवळपास १५ वर्षं ड्रॅग रेसिंगमध्ये हाच आकार चालला. या रचनेचं श्रेय बहुतेक ठिकाणी मिकीलाच दिलं जातं.

१९५५ मध्ये लॉस एंजेलिसच्या बंदराजवळ लायन्स ड्रॅग स्ट्रिप सुरू झाली. रस्त्यांवर चोरून शर्यती लावणाऱ्या पोरांना हक्काची जागा द्यायची हा त्यामागचा हेतू. तिचा पहिला मॅनेजर मिकी. म्हणजे आता छापखाना, स्ट्रिप आणि स्वतःच्या गाड्या अशी तिहेरी ओढाताण.

पण ४०० मीटरवर त्याचं समाधान होणारं नव्हतं. त्याच्या डोक्यात एक आकडा बसला होता, ३९४.

हा आकडा होता जॉन कॉब या इंग्रज माणसाचा. फरच्या व्यापारात असलेल्या कॉबने १९४७ साली याच बॉनव्हिलवर ताशी ३९४.१९६ मैलांचा जागतिक विक्रम केला होता. त्याच्या गाडीत विमानाची दोन इंजिनं होती. दोन फेऱ्यांपैकी एका फेरीत तर त्याने ४०३ मैल गाठले होते. त्यानंतर तेरा वर्षं त्या आकड्याच्या जवळपासही कुणी फिरकलं नव्हतं.

मिकीला कॉबचा विक्रम मोडायचा होता, तोही विमानाचं इंजिन न वापरता. रस्त्यावर धावणाऱ्या अमेरिकन गाडीतलं इंजिन घ्यायचं आणि त्याच्यावर जग जिंकायचं. हॉट रॉडवाल्यांच्या दृष्टीने हा इज्जतीचा सवाल होता.

१९५८ मध्ये त्याने आणि त्याचा जोडीदार फ्रिट्झ व्होइट याने दोन क्रायस्लर इंजिनं लावलेली गाडी बॉनव्हिलला नेली. एक इंजिन पुढची चाकं फिरवायचं, दुसरं मागची. वेग आला २९४ मैल. हॉट रॉडसाठी हे अफाट होतं, पण कॉब अजून १०० मैल पुढे होता.

इथे एक गणित समजून घेतलं पाहिजे. नाहीतर १०० मैल म्हणजे अजून थोडा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की झालं, असं वाटू शकतं.

गाडी पळते तेव्हा तिला सगळ्यात जास्त अडवते ती हवा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि त्या चौपट विरोधाला दुप्पट वेगाने ढकलत राहायचं, म्हणजे लागणारी ताकद आठपट. त्यामुळे वरच्या वेगात प्रत्येक पुढचा मैल आधीच्या मैलापेक्षा महाग पडतो. २९४ वरून ४०० वर जायचं तर वेग वाढवायचा साधारण ३६ टक्के, पण ताकद लागते जवळपास अडीच पट. गाडी अजून निमुळती केली तर थोडी सूट मिळते, पण गणित बदलत नाही.

मिकीचं उत्तर सरळ होतं. दोन इंजिनं पुरत नाहीत ना? मग चार लावू.

त्या गाडीचं नाव चॅलेंजर वन. इंजिनं मिळाली पाँटिअ‍ॅककडून. ही जनरल मोटर्सची कंपनी तेव्हा म्हाताऱ्यांच्या गाड्या बनवणारी म्हणून ओळखली जायची. तिचा प्रमुख बंकी नुडसेन याला ही ओळख पुसून तरुणांना खेचायचं होतं. त्याने मिकीला चार व्ही-८ इंजिनं दिली. दोघांचीही सोय झाली.

मग सुरू झाला गॅरेजमधला खटाटोप. चार इंजिनं दोन-दोनच्या जोडीने बसवली. पुढची जोडी पुढच्या चाकांना, मागची जोडी मागच्या चाकांना. प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्लच आणि स्वतःचा गिअरबॉक्स. गिअरबॉक्स कुठले, तर १९३० च्या दशकातल्या कॅडिलॅक-लासाल गाड्यांचे. भंगारात मिळणारे, तीन गिअरचे, पण मजबूत. हॉट रॉडवाल्यांचा त्यांच्यावर फार विश्वास होता.

आता विचार करा. ड्रायव्हरला गिअर बदलायचा तर चार क्लच एकदम दाबले गेले पाहिजेत आणि चार गिअरबॉक्समध्ये एकदम गिअर पडला पाहिजे. एक जरी मागे राहिला तरी बाकी तीन इंजिनं त्याला फरफटत नेणार. चारही इंजिनांना अ‍ॅक्सिलरेटर सारखा मिळाला पाहिजे. एकाच टांग्याला चार घोडे जुंपलेत आणि सगळ्यांचा लगाम एकाच हातात आहे, असा हा प्रकार. टांग्यातला घोडा बिचकला तर टांगा थांबतो तरी. इथे घोडे बिचकले तर गाडी मिठावर कोलांट्या घेणार.

टायरचा प्रश्न वेगळाच. एवढ्या वेगात फिरणाऱ्या टायरवरचं रबर स्वतःच्याच वजनाने बाहेर फेकलं जायला बघतं. टायर जितका जाड, तितका तो फाटण्याचा धोका जास्त. म्हणून गुडइयरने खास या कामासाठी टायर बनवले, ज्यांच्यावर रबराचा थर अगदी पातळ होता. थांबण्यासाठी मागे पॅराशूट. कारण त्या वेगात नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली तर ब्रेकच जळून जायचे.

१९५९ मध्ये ही गाडी पहिल्यांदा मिठावर उतरली. दोन फेऱ्यांची सरासरी ३३० मैलांची आली आणि अमेरिकेतला विक्रम झाला. एकेरी फेरीत तर ती ३६० च्याही पुढे गेली. घरात बनवलेल्या गाडीने एवढं करावं याचं जगाला आश्चर्य वाटलं. मिकीला मात्र कॉब दिसत होता. अजून चाळीसेक मैल हवे होते, आणि मघाच्या गणिताने त्या चाळीस मैलांसाठी सुमारे ४० टक्के जास्त ताकद लागणार होती.

पाचवं इंजिन बसवायला जागा नव्हती. मग आहे त्याच इंजिनांतून जास्त ताकद काढायची.

इंजिन म्हणजे शेवटी हवा आणि इंधन जाळणारं यंत्र. पेट्रोल जास्त ओतणं सोपं आहे, पण ते जाळायला हवा कुठून आणणार? त्यात बॉनव्हिल समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फूट उंच. तिथली हवा विरळ. ती गाडीला कमी अडवते हे खरं, पण इंजिनालाही कमी श्वास देते. यावर उपाय म्हणजे सुपरचार्जर. इंजिनाच्याच जोरावर फिरणारा हा पंप हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. तेवढ्याच जागेत जास्त हवा मावली की जास्त इंधन जळतं आणि जास्त ताकद मिळते.

मिकीने वापरलेले सुपरचार्जर मूळचे जीएमसीच्या ट्रक आणि बसमधल्या डिझेल इंजिनांचे. ते इंजिन सहा सिलिंडरचं आणि प्रत्येक सिलिंडर ७१ घनइंचांचा, म्हणून त्या पंपाला ६-७१ म्हणतात. टू-स्ट्रोक डिझेल इंजिनातला जळका धूर बाहेर ढकलून ताजी हवा भरण्यासाठी तो बनवला होता. शर्यतीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण हॉट रॉडच्या पोरांनी तो ट्रकमधून काढून पेट्रोल इंजिनांवर बसवला आणि बघता बघता तो सगळ्यांचा लाडका झाला. मिकीने असे चार बसवले. ते आत मावेनात म्हणून गाडीच्या गुळगुळीत पाठीवर उंचवटे काढावे लागले. चार इंजिनं मिळून ताकद आता दोन हजार हॉर्सपॉवरच्या वर गेली होती.

१९६० च्या त्या उन्हाळ्यात बॉनव्हिलवर जत्राच भरली होती. कॉबचा विक्रम मोडायला एकाच हंगामात अनेकजण उतरले होते. सॉल्ट लेक सिटीचा अ‍ॅथॉल ग्रॅहम हा गॅरेजवाला मेकॅनिक होता. त्यानेही स्वतःच्या हाताने गाडी बनवली होती. विमानाचं अ‍ॅलिसन इंजिन आणि बाहेरून बॉम्बर विमानाच्या जादा इंधनाच्या टाकीचं कवच. १ ऑगस्टला ३०० मैलांच्या पुढे असताना त्याची गाडी उलटली आणि तो गेला. डॉक्टर नेथन ऑस्टिच जेट इंजिनाची गाडी घेऊन आले होते, पण तिच्या अडचणी संपत नव्हत्या. इंग्लंडहून डोनाल्ड कॅम्पबेल ब्लूबर्ड घेऊन आला होता. तिच्यात गॅस टर्बाइन होतं आणि मागे ब्रिटनमधल्या डझनावारी कंपन्या उभ्या होत्या.

या सगळ्यात ९ सप्टेंबरला मिकीने ४०६.६० मैल काढले.

आता तो नियम. जमिनीवरच्या वेगाचा जागतिक विक्रम एका फेरीवर कधीच ठरत नाही. गाडीने एक मैल किंवा एक किलोमीटर एका दिशेने कापायचा आणि एका तासाच्या आत त्याच मार्गावरून उलट दिशेने परत यायचं. दोन्हींची सरासरी म्हणजे विक्रम. वारा पाठीशी असेल किंवा जमिनीला किंचित उतार असेल तर एका बाजूचा फायदा दुसऱ्या बाजूने वजा व्हावा, एवढा साधा हिशेब त्यात आहे. पण यात दुसरीही एक गोष्ट तपासली जाते. गाडी एकदा जीव खाऊन पळाली, आता तीच गाडी तासाभरात पुन्हा तशीच पळते का?

मिकीला परतीच्या फेरीत कॉबच्या आकड्यापेक्षा थोडा कमी वेग मिळाला असता तरी कॉब मागे पडत होता. टायर आणि इंजिनं तपासली गेली, इंधन भरलं गेलं आणि गाडी परत निघाली. वाटेत ड्राइव्हशाफ्ट तुटला. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा लोखंडी दांडा. सगळी इंजिनं शाबूत असून उपयोग नव्हता. फेरी अर्धवट राहिली आणि सरासरी काढायला दुसरा आकडाच उरला नाही.

कागदावर विक्रम कॉबचाच राहिला.

आठवड्याभराने, १६ सप्टेंबरला, कॅम्पबेलची ब्लूबर्ड ताशी ३६० मैलांच्या आसपास असताना उडाली आणि उलटीपालटी झाली. कॅम्पबेल वाचला, गाडीचा चुराडा झाला. त्या हंगामात जुना विक्रम कुणालाच मोडता आला नाही. एकाच फेरीसाठी का होईना, कॉबच्या पुढे गेला तो फक्त छापखान्यात रात्रपाळी केलेला मिकी.

अमेरिकेत तो रातोरात हिरो झाला. लोकांना सरासरीशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना ४०० पार केलेला माणूस दिसत होता. पण यादी यादीच्या जागी राहिली. १९६३ मध्ये क्रेग ब्रीडलव्हने जेट इंजिनाच्या तीनचाकी गाडीत ४०७ मैलांची सरासरी काढली. १९६४ मध्ये कॅम्पबेलने ऑस्ट्रेलियात नव्या ब्लूबर्डमधून ४०३ मैल नोंदवले. आणि १९६५ मध्ये कॅलिफोर्नियाच्याच समर्स बंधूंनी गोल्डनरॉड नावाच्या गाडीत ४०९ मैल काढले. तिच्यातही चार व्ही-८ इंजिनं होती. म्हणजे मिकीची कल्पना बरोबर होती हे सिद्ध झालं, फक्त ते दुसऱ्यांनी सिद्ध केलं.

मधल्या काळात मिकी गप्प बसला होता असं अजिबात नाही. टायर आणि गाड्यांच्या सुट्या भागांचा त्याचा धंदा उभा राहिला. त्याच्या नावाचे टायर आजही मिळतात. शिवाय त्याची नजर गेली इंडियानापोलिस ५०० या अमेरिकेतल्या सगळ्यात मानाच्या शर्यतीकडे. तिथे तेव्हा इंजिन पुढे असलेल्या जड गाड्यांचं राज्य होतं. १९६२ मध्ये मिकीने इंजिन मागे असलेली हलकी गाडी आणली, तिच्यात साध्या ब्यूक गाडीच्या इंजिनावर बेतलेलं इंजिन बसवलं आणि डॅन गर्नीला चालवायला दिली. शर्यत पूर्ण झाली नाही, पण गाडीने सगळ्यांना विचारात पाडलं. पुढच्या वर्षी त्याने १२ इंचांची छोटी चाकं आणि रुंद, बसके टायर आणले. लोक हसले. गाड्यांना रोलर स्केट म्हणायला लागले. नंतर आयोजकांनी नियम बदलून एवढ्या छोट्या चाकांवर बंदी घातली.

इथून पुढचा भाग मिकीच्या आयुष्यातला सगळ्यात काळा आहे.

१९६४ च्या शर्यतीसाठी त्याच गाड्यांना मोठी, १५ इंचांची चाकं लावावी लागली. १२ इंचांच्या चाकांवर बेतलेली गाडी आता मोठ्या चाकांवर उभी होती. सरावात गाडी हवेवर तरंगते, हाताला लागत नाही अशा तक्रारी होत्या. मास्टेन ग्रेगरी या अनुभवी ड्रायव्हरने तर टीम सोडून दिली. तिशीही न गाठलेला डेव्ह मॅकडोनाल्ड मात्र थांबला. ३० मे १९६४ ला, शर्यतीच्या दुसऱ्याच फेरीत त्याची गाडी घसरली, आतल्या भिंतीवर आदळली आणि पेटली. जळती गाडी तशीच ट्रॅकवर परत आली. मागून येणारा एडी सॅक्स तिच्यावर आदळला. दोघेही गेले. अपघातामुळे ही शर्यत मध्येच थांबवायची वेळ इतिहासात पहिल्यांदाच आली होती.

या अपघातानंतर इंधनाचे नियम बदलले आणि इंडियानापोलिसच्या गाड्या पेट्रोल सोडून मेथेनॉलकडे वळल्या. गाडीत नेमकं काय चुकलं यावर आजही वाद चालतो. पण एक गोष्ट झाकता येत नाही. घाईत बदल करायचे, ट्रॅकवर नेऊन बघायचे, तुटलं की दुरुस्त करायचं, ही मिकीची पद्धत होती. बॉनव्हिलवर त्या पद्धतीची किंमत तो स्वतःच्या जिवावर मोजत होता. तिथे चाकामागे तो स्वतः बसलेला असायचा. इंडियानापोलिसला गाडीत दुसऱ्याचा मुलगा होता.

१९६८ मध्ये मिकी पुन्हा मिठाकडे वळला. या वेळी गाडीचं नाव चॅलेंजर टू. जवळपास दहा मीटर लांब, सुईसारखी निमुळती, आत फोर्डची दोन ताकदवान व्ही-८ इंजिनं आणि पैसाही फोर्डचा. चाचण्या चांगल्या झाल्या. पण पाऊस आला. बॉनव्हिल म्हणजे मुळात सुकलेलं सरोवर. पाऊस पडला की त्याचं पुन्हा सरोवर होतं. हंगाम वाया गेला. पुढच्या वर्षी फोर्डने हात आखडता घेतला आणि ही गाडी एकही अधिकृत विक्रम न करता शेडमध्ये जाऊन पडली. या खेपेला तर परतीच्या फेरीचा प्रश्नच आला नाही.

त्यानंतरचा मिकी म्हणजे शर्यती भरवणारा मिकी. १९७३ मध्ये त्याने वाळवंटातल्या ऑफ-रोड शर्यतींसाठी स्कोअर ही संस्था काढली. मग त्याच्या डोक्यात आलं की वाळवंटात प्रेक्षक येत नाहीत, तर वाळवंटच प्रेक्षकांकडे नेऊ. मोठमोठ्या स्टेडियममध्ये ट्रकच्या ट्रक माती ओतून त्याने आत उंचवटे आणि खड्डे तयार केले आणि त्यावर गाड्या उडवल्या. हजारो लोक तिकीट काढून यायला लागले.

याच धंद्यात तो मायकेल गुडविन या दुसऱ्या आयोजकाच्या भागीदारीत पडला. भागीदारी फाटली, प्रकरण कोर्टात गेलं, निकाल मिकीच्या बाजूने लागला आणि गुडविनवर मोठी रक्कम द्यायची वेळ आली.

१६ मार्च १९८८ च्या सकाळी कॅलिफोर्नियातल्या ब्रॅडबरी इथल्या घरातून मिकी आणि त्याची बायको ट्रुडी कामावर निघाले होते. अंगणातच दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकरी सायकलवरून पळाले. कोण होते ते आजवर कळलेलं नाही. ४०० मैलांच्या वेगात जो माणूस मेला नाही, त्याला त्याच्याच घराच्या दारात, उभ्या गाडीपाशी मरण आलं. मिकी तेव्हा ५९ वर्षांचा होता. खटला उभा राहायला बरीच वर्षं गेली. २००७ साली खून घडवून आणल्याबद्दल गुडविन दोषी ठरला आणि त्याला जन्मठेप झाली.

मरण्याच्या काही काळ आधी मिकी आणि त्याचा मुलगा डॅनी यांचं एक ठरलं होतं. शेडमधली चॅलेंजर टू बाहेर काढायची आणि आता ती डॅनीने चालवायची. डॅनी स्वतः रेसर होता. खुनानंतर ते सगळं तिथेच थांबलं. गाडी पुढची वीसेक वर्षं तशीच झाकून पडून राहिली.

मग डॅनीने ती उघडली. वडिलांनी बनवलेला सांगाडा आणि कवच तसंच ठेवलं, आतली इंजिनं बदलली. आता तिच्यात नायट्रोमिथेनवर चालणारी दोन हेमी व्ही-८ इंजिनं बसली. कित्येक वर्षं मीठ ओलं निघालं, स्पर्धा रद्द झाल्या, इंजिनं फुटली, पैसे संपले. डॅनी साठी ओलांडून सत्तरीकडे झुकला.

ऑगस्ट २०१८. तेच बॉनव्हिल. गाडी ५० वर्षांची. या स्पर्धेचा नियम थोडा वेगळा आहे. पहिली फेरी आज, मग गाडी रात्रभर आयोजकांच्या नजरेखाली, दुरुस्तीला ठरावीक वेळ आणि दुसरी फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी. पण विक्रम इथेही दोन फेऱ्यांच्या सरासरीवरच ठरतो. पहिल्या फेरीत डॅनीने ४४६.६०५ मैल काढले. त्याच्या वडिलांची गाडी १९६० मध्ये इथवरच येऊन अडली होती.

दुसऱ्या दिवशी डॅनी पुन्हा गाडीत बसला. या वेळी काहीही तुटलं नाही. आकडा आला ४५०.९०९. सरासरी ४४८.७५७ मैल, ताशी ७२२ किलोमीटर. पिस्टन इंजिनाच्या गाड्यांमध्ये तोवरचा जगातला सगळ्यात मोठा वेग आणि तो मिकी थॉम्पसनने बनवलेल्या गाडीच्या नावावर लागला.